खुर्चीतली टकळी

आमच्या घरात एका खुर्चीचे जेवढे लाड झाले, तेवढे कुणा माणसाचे झाल्याचं मला आठवत नाही. माझे तर नाहीच. पण माझं सोडा. मी आत्या; मागच्या खोलीत बसून लोकांच्या कवळ्या बनवते आणि जेवायला हाक आली की बाहेर येते. लाड व्हायला हवे होते ते टकळीचे.

टकळी ही माझी भाची, दादाची एकुलती एक लेक. हे तिचं शाळेतलं नाव नव्हे. लहानपणी तिच्या तोंडाची टकळी अशी अखंड चालायची की नाव आपोआप चिकटलं. झोपेतही बोलायची, घास तोंडात असतानाही बोलायची. समोरचा दुधाचा दात पडला तेव्हा तो मुठीत धरून माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, "आत्या, हा परत बशव, मला बोलायचंय." मी हसून हसून बेजार झाले. तो दात अजून माझ्या खणात आहे.

आता तिचे आईबाप. दादा बसस्थानकावर उद्घोषक आहे. काचेच्या खोलीत बसायचं, बटण दाबायचं आणि कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली ते माईकवर सांगायचं. खाली माणसं वैतागलेली असतात, हातवारे करत असतात, पण काचेतून आत काही ऐकू येत नाही. असा दिवसभर बोलून आलेला माणूस घरीही तसाच बोलतो. "जेवण तयार आहे, सर्वांनी टेबलाकडे यावे," हे तो गंमत म्हणून म्हणत नाही.

वहिनी पाणीपुरवठा कार्यालयात, तक्रारींच्या खिडकीवर. तिचं बरोबर उलटं. तिला दिवसभर ऐकावं लागतं. त्यामुळे समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, मान डोलवायची आणि एक अक्षर कानात शिरू द्यायचं नाही, ही कला तिला छान साधली आहे. शेवटी म्हणायचं, "तुमची तक्रार नोंदवून घेतली आहे." टकळीनं "आई, पोट दुखतंय" म्हटलं तरी हेच उत्तर यायचं आणि दोघी खिदळायच्या. पुढे टकळी मोठी झाली आणि वहिनी एकटीच हसायला लागली.

तर एका रविवारी जेवताना दादानं घसा साफ केला. "सर्वांनी लक्ष द्यावे. सुट्टी संपली की टकळी वसतिगृहाच्या शाळेत जाणार. मोठी शाळा आहे, शिस्त आहे, पोरीचं भलं होईल. महिनाअखेरपर्यंत होकार कळवायचा आहे."

टकळीनं तोंड उघडलं. मी बघत होते. तोंडं बघणं हा माझा धंदाच आहे. वरचे दात दिसले, खालचे दिसले, शब्द अगदी ओठांवर आला होता. तेवढ्यात दादा पुढच्या उद्घोषणेवर गेला. "आणि न्हाणीघरातला नळ कुणीतरी गळता ठेवलेला आहे." टकळीनं तोंड मिटलं. तिथून पुढे घरात ते तोंड आईबापांसमोर उघडलंच नाही. जेवायला येई, जेवे, ताट उचले, खोलीत जाई. काही विचारलं तर मान हलवी, तीसुद्धा महागाईच्या दिवसांतल्यासारखी, मोजून.

माझ्याकडे मात्र ती यायची. फळीवरचे प्लास्टरचे जबडे उघडमीट करत बसायची. एकदा मी न राहवून म्हटलं, "अगं, एवढं काय झालंय? जायचं नसेल तर नाही म्हण. जायचं असेल तर हो म्हण."

"कुणाला म्हणू? विचारलंय का कुणी?"

"मी विचारते की."

"तू नाही. त्यांनी विचारायला हवं." एक जबडा तिनं खटकन मिटला. "एकदा समोर बसून, टकळी तुला काय वाटतं, एवढं विचारावं. मग सांगीन मी. हो की नाही ते तेव्हाच सांगीन."

मागणं काही फार नव्हतं. मी लगोलग बाहेर जाऊन दादाला सांगितलं, "पोरीला विचार."

"तेच तर करतोय," दादा म्हणाला. "पण असं घरगुती पद्धतीनं नाही. तज्ज्ञांकडून."

समुपदेशन केंद्राच्या पाटीवर 'व्यक्ती, बालक, किशोर, दांपत्य, कुटुंब' असं सगळं एकाखाली एक लिहिलेलं होतं. आत टेबलाशी बसलेल्या मुलीनं पहिला प्रश्न केला, "बालक की किशोर?" दादा म्हणाला, "वागते बालकासारखी, उद्धटपणा किशोराचा." तिनं थोडा विचार करून आम्हाला कुटुंबात टाकलं. त्यामुळे मलाही आत जावं लागलं. आत गेल्यावर कळलं की मूल हा रुग्ण नसतोच, अख्खं कुटुंब हाच रुग्ण असतो. म्हणजे मीही रुग्णाचा एक भाग होते, बहुधा अपेंडिक्स.

समुपदेशक मॅडम तरुण होत्या, चेहऱ्यानं गोड होत्या. आवाज इतका मऊ की ऐकायला माणसाला पुढे झुकावं लागायचं, आणि झुकला की त्यांना वाटायचं, मोकळा होतोय. टेबलावर कागदी रुमालांचा डबा, कोपऱ्यात मासे, आणि जमिनीवर लाकडी बाहुलीघर. त्यांनी टकळीला बाहुल्या दिल्या आणि म्हणाल्या, "यांना तुला हवं तसं घरात ठेव."

टकळीनं बाहुलीआई उचलली, बाहुलाबाप उचलला, दोघांना दिवाणखान्यात समोरासमोर बसवलं. बाहुलीमुलगी न्हाणीघरात नेऊन ठेवली आणि दार लावलं.

मॅडमनी हळूच आमच्याकडे बघितलं. "पाणी. बंद जागा. सुरक्षिततेची मूलभूत ओढ," त्या कुजबुजल्या. वहिनीनं डोळे टिपले.

"घरात कडी तेवढ्याच खोलीला आहे," टकळी म्हणाली. खरं होतं. तिच्या खोलीची कडी दादानं अभ्यासासाठी काढून टाकली होती.

"छान. आणि आत्ता, या क्षणी, तुला राग कुठे जाणवतोय?" मॅडमनी विचारलं. त्यांना शरीरात कुठे असं म्हणायचं होतं. टकळीनं बोट दाखवलं. बोटाच्या रेषेत दादा बसला होता.

मी बाहेर पडताना मॅडमना बाजूला घेऊन म्हटलं, "अहो, तिला शाळेचं एकदा सरळ विचारून टाका ना. आजच."

"नाही हं," त्या अगदी प्रेमानं म्हणाल्या. "आपण थेट प्रश्न विचारत नाही. थेट प्रश्नानं मुलं मिटतात."

मी मान डोलवली. शिकलेलं माणूस इतक्या मऊ आवाजात बोललं की आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटतं.

पुढच्या सत्राला टकळीनं यायला नकार दिला. म्हणजे मान हलवली. दादानं दारात उभं राहून तिला प्रस्थानाची शेवटची सूचना दिली, तरी ती हलली नाही. शेवटी आम्ही तिघंच गेलो. मला वाटलं, जिच्यासाठी सगळा खटाटोप तीच नाही म्हटल्यावर आजचं सत्र बारगळणार. मॅडम मात्र जराही गडबडल्या नाहीत. उलट खूष दिसल्या. त्यांनी निळ्या गादीची एक खुर्ची उचलून मधोमध ठेवली.

"जी व्यक्ती हजर नसते, तिच्याशीही बोलता येतं. ही टकळी आहे असं समजा. जे मनात आहे ते तिला सांगा."

दादानं खुर्चीकडे संशयानं बघितलं. मग बसल्या जागी ताठ झाला. "टकळी, कृपया लक्ष दे."

आणि खुर्चीनं लक्ष दिलं. ती उठून गेली नाही, तिनं डोळे फिरवले नाहीत, फोनमध्ये डोकं घातलं नाही. दादा बोलत गेला. बोलता बोलता त्याचा तो लाउडस्पीकरवरचा आवाज उतरत उतरत माणसाच्या पातळीवर आला. लहानपणी त्याला मोठ्या शाळेत जायचं होतं, बाबांनी पाठवलं नाही, वर्गात हुशार असून तो काचेच्या पिंजऱ्यात अडकला, हे सगळं त्यानं त्या निळ्या गादीला सांगितलं. आमचे बाबा गेले तेव्हासुद्धा ज्याच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं, तो दादा हुंदके देऊन रडला. खोटं कशाला बोलू, मलाही भरून आलं. खुर्चीकडे बघून.

मग वहिनीची पाळी. तिनं पहिल्यांदाच स्वतःची तक्रार केली. "तू माझ्याशी बोलत नाहीस, मला घरी यावंसं वाटत नाही," असं काहीबाही. रुमालांचा डबा निम्मा झाला. मॅडम म्हणाल्या, "आज फार मोठं काम झालं."

परतताना मी दादाला म्हटलं, "हे सगळं तिच्यासमोर बोल की. तिला ठाऊक तरी आहे का, तुला शाळेत जायचं होतं ते?"

"तिच्यासमोर कसं बोलणार?" दादा म्हणाला. "ती ऐकते कुठे!"

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्या आल्या दादानं जेवणाच्या टेबलाच्या चार खुर्च्यांपैकी टकळीची खुर्ची उचलली आणि दिवाणखान्यात खिडकीपाशी नेऊन ठेवली. मॅडमनी घरी काही करायला सांगितलं नव्हतं. हे त्याच्याच डोक्यातून निघालं. दुसरी खुर्ची त्याला चालेना. "तिचीच हवी, तरच मनापासून बोलता येतं." वहिनीनं खुर्चीवर एक उशी ठेवली, पाठीला अडकवायला टकळीची जुनी शाल काढली. उन्हानं शालीचा रंग जाईल म्हणून खिडकीला पडदा लावला. आणि टकळीला जेवताना बसायला स्वयंपाकघरातलं स्टूल दिलं. ते इतकं बुटकं की तिची हनुवटी टेबलाला टेकायची. मी माझी खुर्ची देऊ केली तर तिनं मान हलवली. नाही.

त्यानंतर आमच्या घराला जो बहर आला, तो काय सांगावा! दादा कामावरून यायचा, हातपाय धुवायचा आणि खुर्चीसमोर बसून दिवसभराचं सांगायचा. कुठली गाडी उशिरा आली, साहेब काय म्हणाला, छातीत मधूनच कसं धडधडतं. वहिनी त्याच्या नंतर. दोघांचं भांडण बंद झालं, कारण एकमेकांबद्दलचं सगळं खुर्चीशी बोलून व्हायचं. टकळी पाणी प्यायला बाहेर आली की वहिनी ओठांवर बोट ठेवायची. "श्श! बाबा तुझ्याशी बोलतायत."

टकळी पेला हातात घेऊन क्षणभर उभी राहायची, बापाची पाठ बघायची, आणि पाणी न पिताच आत जायची.

मी तरी कुठे धुतल्या तांदळासारखी? घरात कुणी नाही असं बघून एका दुपारी मीही त्या खुर्चीसमोर बसले आणि वहिनीबद्दल मनात साचलेलं सगळं ओतलं. खऱ्या टकळीनं मला मधेच तोडलं असतं, "आत्या, तुझंही चुकतंच" असं सुनावलं असतं. खुर्चीनं माझा एक शब्द खोडून काढला नाही. इतकं हलकं वाटलं म्हणता! त्या दिवशी माझ्या हातून बनलेली कवळी पहिल्या फटक्यात बसली.

मग मॅडमनी दुसरी पायरी शिकवली. आता खुर्चीत स्वतः बसायचं, टकळी व्हायचं आणि टकळीच्या मनातलं बोलायचं. "तिच्या जागी बसून बघा, तिचं जग दिसेल," त्या म्हणाल्या. बोलायला किती छान! पण दादाला खुर्चीत बसल्यावर दिसला तो समोरचा दादाच. तो लाडिक आवाज काढून म्हणाला, "बाबा, तुम्ही माझ्यासाठी किती करता!" मग पटकन उठून आपल्या जागी आला. "अगं, कर्तव्यच आहे माझं." परत पलीकडे. "नाही हो बाबा, इतर बाप एवढं करत नाहीत." या येरझाऱ्यांत त्याचं पोट कमी झालं. वहिनीची टकळी तर भलतीच समंजस निघाली. ती म्हणाली, "आई, माझी काळजी सोड, तू जरा स्वतःकडे बघ." वहिनीनं तिचं ऐकलं आणि संध्याकाळचं फिरायला जाणं सुरू केलं.

"पोरगी किती बदललीय ना!" फिरून आल्यावर ती दादाला म्हणाली. त्या वेळी पोरगी स्टुलावर बसून भाजी निवडत होती.

महिना संपत आला तशा दादाच्या येरझाऱ्या शाळेच्या विषयावर आल्या. एका संध्याकाळी तो खुर्चीत बसला आणि मान खाली घालून म्हणाला, "बाबा, मला पटलंय. मी जाते त्या शाळेत." टुणकन उठून समोर आला. "खरंच बाळा? मनापासून?" परत धावला. "मनापासून, बाबा." मग जेवताना त्यानं सर्वांना लक्ष द्यायला लावलं. टकळी शाळेत जायला राजी झाली होती.

टकळीचा घास हातातच राहिला.

"दादा," मी म्हटलं, "ती ही काय, इथं बसलीय. हनुवटी दिसतेय बघ टेबलावर. तिला विचार."

"अगं, थेट विचारायचं नसतं," दादा मला समजावत म्हणाला. "मिटतात मुलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी काय केलं? ताट उचलून आत गेले आणि एका म्हाताऱ्याच्या खालच्या जबड्यावर राग काढला. घासून घासून तो सैल झाला.

होकार कळवायच्या आदल्या दिवशी टकळी माझ्या खोलीत आली. केस बांधलेले, धुतलेला सदरा, डोळ्यांत एक वेगळीच चमक. लहानपणी काही भन्नाट सुचलं की असायची तशी.

"आत्या, आज मी बोलणार आहे त्यांच्याशी."

"बोल गं बाई, बोल! त्यांनी विचारायची वाट नको बघूस."

"विचारतील की. ते खुर्चीशी बोलतात ना? मग मी खुर्चीत बसते."

मला इतका आनंद झाला की हातातलं मेण सांडलं. एवढी साधी गोष्ट कुणाच्याच डोक्यात आली नव्हती. मी सगळं काम टाकून दाराच्या चौकटीत जाऊन उभी राहिले. टकळीनं शाल बाजूला केली, उशी पाठीशी घेतली आणि हात मांडीवर ठेवून ताठ बसली. ओठांची नुसती हालचाल चालली होती, पहिलं वाक्य घोळवत असावी.

दादा आला. हातपाय धुऊन बाहेर आला आणि खुर्चीकडे बघून थबकला. मागोमाग वहिनी चहाचा ट्रे घेऊन आली. तिनंही बघितलं.

"अगं, तिथं काय बसलीस?" वहिनी म्हणाली. "ऊठ बघू. बाबांची वेळ झालीय, त्यांना टकळीशी बोलायचंय."

मी दादाकडे बघितलं. निदान त्यानं हसावं, वहिनीला वेड्यात काढावं, काहीतरी करावं. त्यानं घड्याळाकडे बघितलं. "पाच मिनिटं स्टुलावर बस हं बाळा. माझं झालं की मग तू बस."

टकळीचं तोंड उघडलेलं होतं. दुधाचा दात पडला होता तिथे आता छान, सरळ, भक्कम दात आहे. तो मला दिसला. मग तिनं तोंड मिटलं, उठली, उशी होती तशी ठेवली, शालीची घडी सारखी केली.

"बोला," ती बापाला म्हणाली. घरात कितीतरी दिवसांनी त्याच्याशी बोललेला तिचा तो पहिला शब्द. आणि आत निघून गेली.

वहिनीनं चहाचा ट्रे खाली ठेवला. तिच्या बहुतेक लक्षात आलं होतं. "अगं, म्हणजे तसं नाही…" असं ती बंद दाराला म्हणाली. दादा मात्र सवयीचा माणूस. तो बसला, घसा साफ केला आणि बोलायला लागला. मी माझं दार असं आपटलं की फळीवरचे चार जबडे खाली आले. त्या दिवशी मला माझ्या सख्ख्या भावाची शिसारी आली, आणि चौकटीत नुसती उभी राहिल्याबद्दल स्वतःचीही.

दुसऱ्या दिवशी सकाळी समारोपाचं सत्र होतं. टकळी आपण होऊन आमच्याबरोबर आली. मॅडमचा चेहरा उजळला. आमच्या घराची गोष्ट त्या कुठल्याशा परिषदेत यशस्वी उदाहरण म्हणून मांडणार होत्या, हे त्यांनी आम्हाला आधीच सांगितलं होतं. आम्ही तिघं बसलो. राहिली ती निळ्या गादीची खुर्ची. टकळी तिच्याकडे गेलीच नाही; माशांच्या टाकीला टेकून उभी राहिली.

"बस ना," मॅडम म्हणाल्या.

"नको. बाबांना लागेल."

मॅडमच्या कपाळावर पहिल्यांदाच आठी दिसली. त्यांनी दादाला विचारलं, घरी काय काय केलं? दादानं अभिमानानं सगळं सांगितलं : खिडकीपाशी ठेवलेली खुर्ची, शाल, पडदा, रोजची वेळ. स्टुलाचं मी सांगितलं. कालच्या संध्याकाळचंही मीच सांगितलं. मॅडम ऐकत राहिल्या आणि त्यांचा रंग उतरत गेला. "पण ती… ती घरी न्यायची नव्हती," त्या म्हणाल्या. "ती फक्त इथं, थोडा वेळ…"

मग त्या बाईनं जे केलं त्याबद्दल मी तिला मानते. त्या उठल्या, टकळीसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि सगळी पद्धत गुंडाळून, मऊबिऊ आवाज न काढता, सरळ म्हणाल्या, "टकळी, तुला त्या शाळेत जायचंय का? तुला काय वाटतं?"

झालं एकदाचं, मला वाटलं. टकळीनं श्वास घेतला.

"ती म्हणाली की परवा," दादा म्हणाला. "जाते म्हणाली. मनापासून म्हणाली."

मॅडम गर्रकन वळल्या. पण टकळी त्यांच्याआधी बोलली.

"हो," ती म्हणाली. "सांगितलंय मी. बाबांनी ऐकलंय. मी जाते."

मॅडमनी रुमालांचा डबा पुढे केला. कुणी घेतला नाही, तेव्हा त्यांनीच एक काढून घेतला.

सामान भरायला मी गेले. तिनं जवळजवळ सगळं स्वतःच भरलं होतं. मी विचारलं, आता मला तरी सांग, काय सांगणार होतीस?

"नाही म्हणणार होते," ती म्हणाली. "खूप भांडणार होते, आत्या. रडणार होते. बाबा ओरडले असते, मी दार आपटलं असतं. आणि मग कदाचित त्यांनी मनापासून समजावलं असतं तर गेलेही असते." तिनं बॅगेची चेन ओढली. "आता मला खरंच जायचंय. तिथं निदान मला बसायला बाक देतील."

मी खणातून तिचा दुधाचा दात काढला आणि तिच्या हातावर ठेवला. तिनं तो बघितला, हसली, आणि परत माझ्या मुठीत दिला. "ठेव तुझ्याकडेच. आल्यावर लागेल." तेवढ्यावर मला रडू फुटलं. तिच्या गळ्यात पडून मी रडले. आणि धीर कुणी दिला, तर तिनं मला.

ती ज्या गाडीनं गेली, तिची उद्घोषणा दादानंच केली. आवाज चिरकला म्हणे. खालच्या प्रवाशांना वाटलं, माईक बिघडला.

वहिनीनं खुर्ची पुसून परत टेबलाशी लावली. स्टूल स्वयंपाकघरात गेलं. जेवताना आम्ही तिघं तीन बाजूंना आणि चौथ्या बाजूला ती खुर्ची. वहिनी तिच्याकडे बघायचं टाळते. वाढताना चुकून तिथेही ताट ठेवते आणि कुणाला दिसायच्या आत उचलते. दादा घरी हल्ली साध्या आवाजात बोलतो. फार बोलतही नाही.

परवा संध्याकाळी तो कामावरून आला, हातपाय धुतले आणि खुर्ची उचलून पुन्हा खिडकीपाशी नेली. तो समोर बसला, घसा साफ केला. मी चौकटीत उभी होते, ते त्याला दिसलं नाही. मग अगदी हळू, विचारायला लाजल्यासारखं म्हणाला, "टकळी, तुला काय वाटतं गं?"

आणि थांबला. उठून पलीकडे गेला नाही, लाडिक आवाज काढला नाही. उत्तर यायचंच आहे अशा आशेनं खुर्चीकडे बघत बसून राहिला.

मी आत जाऊन फोन आणला, तिच्या वसतिगृहाचा नंबर लावून त्याच्यापुढे धरला. पलीकडे घंटी वाजत होती.

"घे," मी म्हटलं. "हेच विचार."

दादानं हात पुढे केला आणि मागे घेतला. घाबरलेल्या माणसाचे असतात तसे त्याचे डोळे झाले होते.

"अगं पण," तो म्हणाला, "तिनं सांगितलं तर?"